तरंगंबाडीचा मुक्काम

समुद्र म्हटला की आपणां मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे सूर्य गिळणारा समुद्र उभा राहतो. आमचे आजोळ गुहागरचे. तेव्हा दिवसभराचे हुंदडणे आटोपून, तिन्हीसांजेला आजीने परवचा म्हणायला बोलावण्यापूर्वी, सूर्य पाण्यात बुडालेला पाहावयाचा, हा आमचा लहानपणचा नेम होता. त्यामुळे तरंगंबाडीच्या त्या हॉटेलात पहिल्या संध्याकाळी आम्ही मोठ्या तयारीने व्हरांड्यात खुर्ची मांडून बसलो आणि बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिलो, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी शेवटी विचारले, “अहो, कशाची वाट पाहताय?” सूर्य आमच्या पाठीमागे, पोरैयारच्या माडांआड, केव्हाच मावळला होता. भूगोल आम्ही स्वतः पाचवी-सहावीस शिकविलेला आहे, ही गोष्ट येथे सांगू नये ती सांगितली.

तरंगंबाडी हे तमिळनाडूच्या पूर्व किनाऱ्यावरील एक लहानसे गाव. पूर्वी ते नागपट्टणम जिल्ह्यात होते. २०२० पासून मयिलाडुतुरै या नव्या जिल्ह्यात गेले. इंग्रजी पुस्तकांतून त्याचा उल्लेख ‘ट्रँकेबार’ असा येतो. मूळ नावाचा अर्थ गाणाऱ्या लाटांचे गाव असा सांगतात, आणि त्यातला ‘तरंग’ आपल्यालाही ओळखीचा आहे. आमची कन्या चेन्नईस नोकरी करते. पोंगलच्या सुटीत “आईबाबा, तुम्ही दोघे या, आपण चार दिवस कुठेतरी समुद्रावर राहू” असा तिचा आग्रह झाला, आणि हॉटेलही तिनेच ठरविले. एका रात्रीचे भाडे किती, हे आम्ही तिला विचारले. तिने सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या पाटीवर ते वाचले, तेव्हा ती का बोलली नाही ते कळले. सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाने अशा ठिकाणी झोपताना कूस बदलण्यापूर्वी हिशेब करावा, इतके ते होते.

चेन्नईहून रात्रीच्या गाडीने मयिलाडुतुरै आणि तेथून बसने सुमारे तीस किलोमीटर. एके काळी या गावापर्यंत लहान रूळांची गाडी येत असे. १९२६ मध्ये सुरू झालेला तो मार्ग १९८६ मध्ये बंद पडला. बस रस्त्यावर सोडते. तेथून दोन-चार मिनिटे चालले की एक पांढरीशुभ्र वेस लागते. तिच्यावर डेन्मार्कच्या राजाचे चिन्ह आणि १७९२ हे साल आहे. वेशीच्या आत शिरले की गलका मागे पडतो आणि सरळ एक रुंद रस्ता समुद्रापर्यंत जातो. दोन्ही बाजूंस जाड भिंतींचे जुने बंगले, दोन प्रार्थनामंदिरे (एक १७०१ चे, दुसरे १७१८ चे), शाळेच्या इमारती, आणि रस्ता संपतो तेथे डाव्याउजव्या हातांस नुसते पाणी. आमचे हॉटेल म्हणजे असाच एक जुना बंगला. उंच छत, खांबांचा व्हरांडा, आणि व्हरांड्यापुढे थोडे गवत सोडले की वाळू. गरम पाणी सकाळी साडेसहाला येईल असे सांगितले होते, ते साडेआठला आले. परंतु कॉफी वेळेवर आली, म्हणून आम्ही तक्रार केली नाही.

या गावी डेन्मार्कचे लोक कसे आले, ही हकिकत मोठी मनोरंजक आहे. १६१६ मध्ये डेन्मार्कच्या राजाने आपली ईस्ट इंडिया कंपनी काढली. १६२० मध्ये ओवे गेड्डे नावाचा सरदार येथे उतरला आणि तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून व्यापाराची परवानगी व किल्ल्यापुरती जमीन त्याने मिळविली. नायकाने डेन्मार्कच्या राजास सोन्याच्या पत्र्यावर कोरून पत्र पाठविले होते; ते आजही कोपनहेगनला जपून ठेवलेले आहे. किल्ल्याचे नाव डान्सबोर्ग. आपल्या सिंधुदुर्ग-विजयदुर्गांपुढे तो किल्ला म्हणजे एखादा ऐसपैस वाडाच वाटतो. आत लहानसे संग्रहालय आहे. १६७५ च्या सुमारास शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावर घेतले, आणि तेव्हापासून हे डॅनिश लोक किल्ल्याच्या जमिनीचा खंड मराठ्यांना भरू लागले. १६९९ साली व्यंकोजीपुत्र शहाजीराजांच्या सैन्याने या गावाला वेढाही घातला होता. म्हणजे आम्ही ज्या व्हरांड्यात पाय पसरून बसलो होतो, तो एकेकाळी आपल्याच मुलखातला म्हणावयाचा! १८४५ मध्ये डेन्मार्कने हे गाव आणि बंगालमधील श्रीरामपूर साडेबारा लाख रुपयांस इंग्रजांना विकून टाकले, आणि त्यानंतर व्यापार दुसऱ्या बंदरांकडे गेल्यामुळे गाव होते तसे राहिले.

तंजावर म्हटले की बडोदेकरांचा कान टवकारणारच. सयाजीराव महाराजांच्या पहिल्या राणीसाहेब, ज्यांना आपण पहिल्या चिमणाबाई म्हणतो, त्या माहेरच्या तंजावरच्या लक्ष्मीबाई. १८८० मध्ये त्यांचे लग्न झाले तेव्हा त्यांच्याबरोबर तिकडच्या नर्तकींचा ताफाही बडोद्यास आला. आपल्या लक्ष्मीविलास राजवाड्यात त्यांचेच नाव राहिले आहे. शिवाय मराठी विषय घेऊन एम.ए. झालेल्या माणसास तंजावरचे ऋण विसरता येत नाही. सांगलीला १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले त्याच्या दीडशे वर्षे आधी तंजावरच्या शहाजीराजांनी मराठीत नाटके लिहिली. सरफोजीराजांनी तर १८०६ च्या सुमारास स्वतःच्या छापखान्यात देवनागरी खिळे आणून ‘बालबोधमुक्तावलि’ नावाचे इसापाच्या गोष्टींचे मराठी पुस्तक छापले. हे सरफोजी ज्या श्वार्ट्झ नावाच्या मिशनऱ्याच्या छायेत वाढले, तो १७५० मध्ये याच तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर उतरला होता. हे सारे आम्ही पहिल्या दिवशी रस्त्याने चालता चालता आमच्या नातीस सांगत होतो. तिने ऐकले की नाही ते ठाऊक नाही.

नातीविषयी थोडे सांगितले पाहिजे. मुलगी आठ वर्षांची, चेन्नईतच वाढलेली. शाळेत इंग्रजी आणि तमिळ, घरी आईशी मराठी. तिचे मराठी धावते, पण लिंगवचनांचा मेळ नसतो. ‘माझी दप्तर’, ‘ती भात’, ‘सूर्य आली’. आम्ही तीस-बत्तीस वर्षे वह्या तपासलेली माणसे. कानावर चूक पडली की जीभ आपोआप हलते. ‘माझी नव्हे, माझे दप्तर.’ दूरध्वनीवर हेच, प्रत्यक्ष भेटीत हेच. दोन वर्षांपूर्वी ती आमच्याशी भरभरून बोलत असे. गेल्या वर्षी एकेका शब्दात उत्तरे देऊ लागली. या खेपेस चेन्नई स्थानकावर तिने आजीच्या गळ्यात हात टाकले आणि आम्हांस म्हणाली, “हॅलो आजोबा, हाऊ वॉज द ट्रेन?” रात्री आम्ही कन्येकडे तक्रार केली, की पोरीला मराठी विसरायला लावलेस. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, “बाबा, ती विसरलेली नाही. तुम्ही तिची वही तपासता, तिच्याशी बोलत नाही.” हे वाक्य बरोबर घेऊनच आम्ही तरंगंबाडीस आलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या खोलीत एक कुटुंब उतरले. मुलगा, सून आणि सत्तरी ओलांडलेल्या आजी. नऊवारी नव्हे, तमिळ पद्धतीची रेशमी काठाची साडी, नाकात दोन्ही बाजूंस चमक्या. मुलगा-सून तमिळमध्ये बोलत होती, म्हणून आम्ही लक्ष दिले नाही. तोच आजींनी सुनेला काहीतरी सांगितले आणि आमच्या सौभाग्यवती चमकून उठल्या. “अहो, या मराठी बोलताहेत!” आणि खरेच. हेल तमिळ, स्वर लांबविलेले, पण शब्द आपले. मंडळी कुंभकोणमची. त्यांचे पूर्वज तंजावरच्या राजांकडे कारकून म्हणून आलेले. किती पिढ्या झाल्या ते त्यांस सांगता येईना. १८५५ मध्ये राज्य गेले, पण माणसे राहिली. गावात त्यांना ‘रायर’ म्हणतात, म्हणजे आपले राव.

आजींनी आमचे मराठी लक्षपूर्वक ऐकून घेतले आणि हसून सुनेला काही म्हटले. आम्ही विचारले तेव्हा सुनेने संकोचाने सांगितले, की तुमचे बोलणे पुस्तकासारखे आहे आणि मधेच वेगळेच काही येते, असे त्या म्हणतात. वेगळेच काही म्हणजे आमचे गुजराती! ‘चालेल’ आणि ‘बराबर’ यांच्यामधून ते केव्हा डोकावते, हे आम्हांस कधी उमगले नव्हते. एम.ए. मराठीची पदवी खिशात असती तर आम्ही ती त्या क्षणी आणखी खोल सारली असती.

संध्याकाळी आजींनी पिशवीतून एक जीर्ण वही काढली. त्यांच्या आईची. तीत पदार्थांची कृत्ये होती: डांगर पचडी, पिठले, आंबट भाजी, रसवांगी. आमच्या सौभाग्यवतींस ती उतरवून घ्यायची होती. मी वही हातात घेतली असे लिहिणार होतो, परंतु या मासिकाच्या पानावर आम्ही ‘आम्ही’च बरे, तर आम्ही वही हातात घेतली आणि पहिल्याच ओळीला थबकलो. भाषा मराठी, पण लिपी तमिळ. आजींना देवनागरी येत नव्हती, आम्हांस तमिळ येत नव्हती, आणि आजींचा चष्मा कुंभकोणमलाच राहिला होता. मुलगा आणि सून किल्ल्याकडे फिरावयास गेली होती.

“मी वाचू?” आमची नात म्हणाली.

ती वाळूतून आली होती तशीच पायरीवर बसली आणि बोट ठेवून वाचू लागली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारांना मिळून एकच अक्षर असते. प आणि भ यांचेही तसेच. शब्द आधी ठाऊक असेल तरच तो वाचता येतो. पोरीने मथळा वाचला, “कोटपात.” आम्ही तिघे वृद्ध एकमेकांकडे पाहू लागलो. कोट? हा कसला पदार्थ? “कोटपात,” तिने पुन्हा म्हटले, भुवया आक्रसल्या, ओठांतल्या ओठांत दोनतीनदा घोळविले, आणि एकदम ओरडली, “गोडभात! आजोबा, ती गोडभात आहे!”

आजी टाळ्या पिटून हसल्या. मग पुढचा तासभर हाच खेळ चालला. ‘कूळ’ म्हणजे गूळ, ‘तूप’ तूपच राहिले, ‘केसर’ केसरच. एखादा शब्द अडला की नात तो वाचून दाखवी, आजी डोळे मिटून ऐकत आणि तो मराठी काय असेल ते दोघी मिळून शोधत. सौभाग्यवती लिहून घेत होत्या. आमच्याकडे कोणतेच काम नव्हते. पोर ‘ती गूळ’ म्हणाली, ‘तांदूळ धुतली’ म्हणाली. आजींच्याही बोलण्यात आमच्या व्याकरणाच्या पुस्तकात न बसणारे पुष्कळ होते. दोघींचे एकमेकींस सारे समजत होते. आमची जीभ दोनदा हलली आणि दोन्ही वेळा कॉफीचा पेला तोंडास लावून आम्ही ती आवरली.

दुसऱ्या दिवशी आम्ही झिगेनबाल्ग याचे थडगे पाहिले. हा जर्मन तरुण १७०६ च्या जुलैत येथे आला. येथील शाळेत मुलांच्या रांगेत जाऊन तो बसे आणि त्यांच्याबरोबर वाळूत बोटाने तमिळ अक्षरे गिरवी, असे सांगतात. पुढे त्याने येथे छापखाना चालविला आणि १७१५ मध्ये नव्या कराराचे तमिळ भाषांतर छापून बाहेर पडले. १७१९ मध्ये, वयाची चाळिशीही न गाठता, तो वारला. त्याच्या धर्मप्रसाराशी आमचे देणेघेणे नाही, पण मुलांच्या रांगेत बसणारा मास्तर म्हणून आम्ही तेथे थोडा वेळ उभे राहिलो. बाहेर आल्यावर किनाऱ्यावर नातीने आम्हांस तीन तमिळ अक्षरे गिरविण्यास दिली. तिसरे आमच्याच्याने जमेना. ती म्हणाली, “नाय आजोबा, चुकली,” आणि आमचे बोट धरून फिरविले.

किनाऱ्यालगतचे मासिलामणिनाथाचे देऊळ १३०६ चे, पांड्य राजाच्या काळचे. समुद्र पुढे पुढे सरकत आला आणि त्याने त्याचा बराच भाग खाल्ला. आता दगडांचा बांध घालून उरलेले राखले आहे. २००४ च्या २६ डिसेंबरला त्सुनामीची लाट याच किनाऱ्यावर आली. तेव्हाच्या नागपट्टणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. हॉटेलचा वृद्ध पहारेकरी पूर्वी कोळीवाड्यात राहत असे. त्या सकाळविषयी नातीमार्फत आम्ही त्याला विचारले. त्याने समुद्राकडे नुसता हात केला आणि दुसरेच काही बोलू लागला. नातीने भाषांतर केले नाही, आम्हीही मागितले नाही.

निघण्याच्या पहाटे सौभाग्यवतींनी सर्वांस उठविले. सूर्य पाण्यातून वर येताना आम्ही आयुष्यात प्रथमच पाहिला. आजीही शाल गुंडाळून शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी हात जोडले, तसे आम्हीही जोडले.

गोडभाताच्या कृतीत तांदळाचे माप ‘पडी’ असे दिले आहे. ते शेराएवढे की कमी, यावर घरी बरीच चर्चा झाली. अखेर गुढीपाडव्याला सौभाग्यवतींनी अंदाजानेच घातले. गूळ किंचित जास्त झाला. दुपारी चेन्नईहून दूरध्वनी आला, आणि नातीने आजीस नव्हे, आम्हांस मागितले.

“आजोबा, कोटपात कशी झाली?”

“छान झाली,” आम्ही म्हणालो.