कागदाची भीती

वकील होण्यासाठी कायद्याची पदवी लागते. पण गरजू माणसाला कायद्याच्या दारापर्यंत पोहोचवण्यासाठी पदवी लागत नाही. त्यासाठी थोडे शिक्षण आणि पुष्कळ धीर लागतो. असे काम करणाऱ्याला विधी स्वयंसेवक म्हणतात. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २००९ साली ही योजना सुरू केली. शिक्षकांनाही हे काम करता येते, हे कळताच मी अर्ज केला.

आमचे प्रशिक्षण विधी महाविद्यालयाच्या सभागृहात झाले. रोज फळ्यासमोर उभी राहणारी मी पुन्हा बाकावर बसले. शेजारी एक अंगणवाडी सेविका होती, तर पुढे एक निवृत्त पोस्टमन होते. पहिल्या दिवशी फळ्यावरचे शब्द पाहून मला नवल वाटले. वकील, अर्ज, दावा, तारीख, जामीन, वारस! हे तर आपल्या घरातल्या उर्दूतलेही शब्द. लोकअदालतीतली ‘अदालत’ही ओळखीचीच. ‘प्रतिवादी’, ‘शपथपत्र’ हे शब्द मात्र मी वहीत लिहून पाठ केले.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना व मुलांना, त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. लोकअदालतीत तडजोड झाली की तिच्यावर अपील करता येत नाही; म्हणून सही करण्यापूर्वी प्रत्येक अट समजून घ्यावी. विधी स्वयंसेवकाने न्यायालयात वकिली करायची नसते आणि लोकांकडून पैसे तर मुळीच घ्यायचे नसतात. या गोष्टी मी तेथे शिकले.

प्रशिक्षणानंतर एका संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या एक विधवा खाला घरी आल्या. न्यायालयाचे समन्स त्यांनी पंधरा दिवस ट्रंकेत कपड्यांखाली लपवून ठेवले होते.

“बेटी, पोलीस येतील का?” त्यांनी हळूच विचारले.

मी कागद वाचला. त्यांच्या राहत्या खोलीबद्दल कोणीतरी दिवाणी दावा दाखल केला होता.

“खाला, यात पोलिसांचा संबंध नाही. पण तारीख पाच दिवसांवर आली आहे. तुम्ही गेला नाहीत, तर तुमचे म्हणणे न ऐकताच निकाल होऊ शकतो.”

दुसऱ्या दिवशी आम्ही न्यायालयाच्या आवारातील तालुका विधी सेवा समितीच्या कार्यालयात गेलो. मी मराठीत अर्ज लिहिला. खालांनी खाली उर्दूत सही केली. त्यांना मोफत वकील मिळाला आणि तारखेला त्या स्वतः हजर राहिल्या. दाव्याचा निकाल अजून लागायचा आहे. पण खालांना आता रात्री झोप लागते.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या राज्यात तालुक्याच्या न्यायालयातून आणि तहसील कचेरीतून येणारे कागद बहुधा मराठीत असतात. उद्या असा एखादा कागद तुमच्या घरी किंवा शेजारी येईल. तो लपवू देऊ नका. आधी त्यावरची तारीख पाहा, मग सावकाश मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणाऱ्याची निम्मी भीती तेवढ्यानेच जाईल.