मामा, मासा केव्हा येणार?

रविवारी सकाळी तुम्ही काय करता? झोपता. मीही झोपायचो. शनिवारी रात्री पिक्चर, मग फुटाळ्यावर चहा आणि रविवारी अकराशिवाय डोळा उघडायचा नाही, असा माझा छान चाललेला वीकेण्ड होता. पण गेल्या दिवाळीनंतर तो पार कोलमडला. कारण सोहम. वय वर्षं अकरा, माझा सख्खा भाचा. मी ताईच्याच घरी, धंतोलीत वरच्या खोलीत राहतो, त्यामुळे सुटका नाही. या पोट्ट्यानं मोबाइलवर मासेमारीचे शे-दीडशे व्हिडिओ पाहिले आणि एक दिवस जाहीर केलं, "मामा, मला गळ टाकायला शिकव."

आमचं आजोळ पवनीचं. वैनगंगेच्या काठावर मी गळ घेऊनच वाढलो. ताईही तिथलीच, पण तिचं सासर शुद्ध शाकाहारी. म्हणजे बघा, घरात आमलेटचा वास आला तरी खिडक्या उघडतात! भाऊजी म्हणाले, "शिकव, पण मासा घरात नाही." ताईची अट वेगळी होती. आधी पोहणं, मग नदी. ही अट मला एकदम मान्य. सोहमनं उन्हाळ्याची अख्खी सुटी तरणतलावात काढली. पावसाळाभर मी त्याला थांबवून ठेवलं. नदीला पूर असतो हे एक कारण होतंच. दुसरं कारण माशांचं.

जुलै-ऑगस्टमध्ये रोहू, कतला यांचा विणीचा काळ. हे मासे साचलेल्या तळ्यात आपणहून अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून तर हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञानं १९५७ मध्ये ओडिशात माशांना पियुषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन त्यांची वीण घडवून आणली. आज आपल्या ताटात जो तळ्यातला रोहू येतो, तो त्या इंजेक्शनच्या कृपेनं. सोहमला इंजेक्शनची गोष्ट फार आवडली. माशांना रडू येतं का, असंही त्यानं विचारलं.

आता सामान. त्याला ऑनलाइनवाला रीळ लावलेला चकचकीत रॉड हवा होता. मी म्हटलं, बांबू. नऊ-दहा फुटांचा, हलका. त्याला तेवढ्याच लांबीचं तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा. शिशाचा एक बारका मणी, तरंगायला मोराच्या पिसाची काडी आणि छोटा गळ. गळाचा उलटा काटा मी पकडीनं दाबून सपाट केला. नवशिक्याच्या हातात गळ दिला की तो माशाआधी बोटात शिरतो, हे गृहीत धरायचं. काटा दाबलेला असला की बोटातूनही सहज निघतो आणि माशाच्या तोंडातूनही. गाठ आवळण्याआधी ती थुंकीनं ओली करायची. कोरडी आवळली तर घासून तापते आणि दोरा तिथेच कमजोर होतो. सोहमच्या मते हे "शी!" होतं. दहा मिनिटांनी तो प्रत्येक गाठीवर दोनदा थुंकत होता. गांडुळं ताईच्या कुंड्यांतून आली, तिला न विचारता.

पहिल्या रविवारी बाइकवर मागे बसून तो म्हणाला, "मामा, आपल्या इथे नदी असती तर किती बरं झालं असतं ना?"

"आहे की. घरापासून पाच मिनिटांवर."

"कुठे?"

"पंचशील चौकात. रोज शाळेत जाताना ओलांडतोस ती."

"तो तर नाला आहे!"

यात त्याचा काय दोष? आपण सगळेच तसं म्हणतो. ज्या नाग नदीवरून गावाला नागपूर नाव पडलं, ती लाव्ह्याच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरीपासून शहरात शिरते आणि सीताबर्डी-धंतोलीला खेटून पूर्वेला जाते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून वाहिला, घराघरांत पाणी शिरलं, पंचशील चौकातला पूल खचला. ती नदी आहे, हे त्या दिवशी सगळ्यांना आठवलं. नंतर पुन्हा नाला. तिच्या शुद्धीकरणाच्या प्रकल्पाची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली, खर्च १,९०० कोटींच्या वर. असो.

हे सांगता सांगता मी एक गोष्ट बोलून गेलो. ही नाग पुढे कुही तालुक्याकडे जाऊन कन्हानलाच मिळते.

"म्हणजे आपल्या बाथरूमचं पाणी कन्हानमध्ये जातं?"

"हो. पण आपण बसणार त्याच्या बरंच वर. कन्हान पुढे वैनगंगेला मिळते, ते पाणी गोसेखुर्दच्या धरणात जातं."

"तिथले लोक मासे खातात?"

"खातात."

कामठी येईपर्यंत तो काही बोलला नाही. हा मुलगा झोपेतही बोलतो, म्हणून सांगितलं.

कन्हान छिंदवाड्याकडून येते. पेंच आणि कोलार तिला कामठीच्या आसपास येऊन मिळतात. काठावर आमच्या ओळखीचे एक ढीवर काका आहेत. बांबू त्यांच्याच घरी ठेवतो, दहा फुटांचा बांबू बाइकवर कोण नेणार! त्यांना विचारल्याशिवाय आम्ही पाण्याजवळ जात नाही. तलाव आणि धरणांतल्या मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. आपला तो टाइमपास, त्यांचं ते पोट. तोतलाडोहाचा तर विचारच नको, तिथे व्याघ्र प्रकल्पामुळे मासेमारीला बंदी आहे.

काकांनी पहिल्या दिवशी गळाला हातच लावू दिला नाही. "पह्यले पाणी पाह्य, पोट्ट्या." अर्धा तास नुसतं पाणी पाहायचं! कुठे सपाट वाहतं, कुठे वळसा घेतं, फेस कुठे जमतो, दगडामागे शांत जागा कुठे आहे. वाहत्या धारेत मासा उगाच ताकद घालवत नाही, तो धारेच्या कडेला थांबतो आणि खाणं वाहून येण्याची वाट पाहतो. मग काकांनी एक लांब काठी घेतली आणि काठापासून तीन पावलांवर पाण्यात टेकवली. गुडघाभर. आणखी एक पाऊल पुढे टेकवली, तर काठी पूर्ण आत गेली. "रेती काढून नेली. वरून समजते का?"

दर उन्हाळ्यात पोरं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो ना, त्यातली कित्येक अशाच खड्ड्यांत जातात. पोहता येणारीसुद्धा. सोहमचा चेहरा उतरला. मला ते हवंच होतं. त्यानंतर त्याला एकदाही "मागे हो" म्हणावं लागलं नाही. काकांनी पाण्याच्या कडेला एक काडीही रोवून दिली. काडी बुडाली की वरून पाणी सोडलंय असं समजायचं आणि सामान उचलायचं. ती काडी दर दहा मिनिटांनी बघणं हे सोहमचं अधिकृत काम झालं.

मग सुरू झालं खरं शिक्षण, म्हणजे वाट बघणं. "मामा, मासा केव्हा येणार?" हे त्यानं पहिल्या तासात चौदा वेळा विचारलं. मी मोजत होतो. काका म्हणाले, "थंडीत मासा उशिरा उठते, तुमच्यावानी." पिसाची काडी थरथरली की हा जोरात बांबू ओढायचा आणि गळ मागच्या बाभळीत. थरथर म्हणजे बारकी पिल्लं टोचतायत. काडी संथपणे तिरकी होऊन खाली गेली की समजायचं. तेव्हाही ओढायचं नाही, नुसतं मनगट उचलायचं. तीन रविवार आम्ही रिकाम्या हातानं परतलो. ऑफिसात सगळे विचारायचे, "काय रे, किती किलो?"

चौथ्या रविवारी काडी तिरकी झाली. त्यानं मनगट उचललं. बांबू वाकला आणि काठावर एक मासा आला, माझ्या तळहाताएवढा. सोहम नाचला नाही. ओरडलाही नाही. मी सांगितल्याप्रमाणे त्यानं आधी हात ओले केले, कारण कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मग त्याला धरलं. मासा तोंड उघडमीट करत होता. "मामा, सोडायचा?"

रोहूचं पिल्लू असतं तर सोड म्हटलं असतं. पिल्लांच्या थव्याबरोबर फिरणारी मरळ दिसली तर गळ टाकायचाच नाही, हेही ठरलेलं होतं. ती पिल्लांची राखण करते. ती गेली की पिल्लंही गेली. पण हा होता तिलापिया. मूळचा आफ्रिकेचा, १९५२ मध्ये भारतात आणलेला, आता देशी माशांच्या जागेत ठाण मांडून बसलेला. त्याला परत सोडण्यात काही शहाणपण नाही, आणि तडफडत ठेवण्यातही नाही. मी दोन्ही गोष्टी सांगितल्या आणि गप्प बसलो. त्याच्या वतीनं मी ठरवणार नव्हतो. त्यानं बराच वेळ विचार केला. मग मासा काकांच्या हातात दिला आणि म्हणाला, "लवकर करा." आणि तोंड न फिरवता बघत राहिला.

काकूंनी तो तिखट-मीठ लावून तव्यावर टाकला. सोहमनं एक घास खाल्ला. घरी सांगायचं की नाही, यावर आमची परतीच्या वाटेवर चर्चा झाली. तो म्हणाला, "मी सांगीन. घरात नाही आणला ना!" वकील होणार हा.

पंचशील चौकात सिग्नलला थांबलो, तर तो मागच्या सीटवरून वाकून पुलाखाली पाहत होता.

"मामा, त्या भिंतीजवळ पाणी वळतंय. तिथे खोल असेल."

"असेल."

"मासा थांबला असता तर तिथेच थांबला असता."

सिग्नल सुटला होता. मागून हॉर्न वाजायला लागले.