अंधारणारे पडदे

आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयात संगणकाचे दोन पडदे शेजारी शेजारी मांडलेले आहेत. डावीकडे जुन्या स्नानसंस्कार-नोंदवहीच्या एखाद्या पानाचे छायाचित्र असते; उजवीकडे त्या पानावरची नावे आणि तारखा टंकित होत असतात. वह्यांची शाई फिकी पडत चालली आहे, कडांना हात लावताच कागदाचा चुरा होतो, आणि लग्नासाठी दाखला मागणारी मंडळी तर दारात उभीच असतात. म्हणून हे काम हाती घेतले. टंकनासाठी गावातला, बारावी झालेला एक मुलगा येत असे. अक्षर-अक्षर लावून वाचण्याची त्याची हातोटी माझ्यापेक्षा चांगली.

फेब्रुवारीच्या अखेरीस पडदे अंधारू लागले. दोन्ही एकदम काळे होत, दोन-तीन क्षणांनी पुन्हा उजळत. कधी एखादा काळाच राही आणि तार काढून घातल्यावरच जागा होई. मी कार्यालयाच्या दारात पाऊल टाकावे, मुलाने खुर्चीतून उठून ‘जय ख्रिस्त, फादर’ म्हणावे, आणि नेमके त्याच क्षणी पडदे काळे व्हावेत, असे पाच-सहा वेळा झाले. वाचकहो, माझ्या मनात काय आले असेल ते सांगायला नको. हा मुलगा कामाच्या वेळी भलतेच काही पाहत बसतो आणि माझी चाहूल लागताच पडदा विझवतो, असे मी ठरवून टाकले. एप्रिलमध्ये एके दिवशी मी त्याला चार शब्द सुनावले. तो एवढेच म्हणाला, ‘‘म्या काई नाई केलं, फादर.’’ दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही.

मे महिन्यात नवतपा तापला. पारा पंचेचाळीसच्या आसपास, दिवसभर कूलरची घरघर. मी एकटाच जमेल तसे काम रेटत होतो. पडदे क्वचितच अंधारत. जूनमध्ये पाऊस लागला आणि दोष पार नाहीसा झाला. माझा निष्कर्ष पक्का झाला. सेमिनरीत तर्कशास्त्राच्या तासाला ‘नंतर घडले म्हणून त्यामुळेच घडले’ हा दोष आम्ही लॅटिनमध्ये घोकला होता. घोकणे वेगळे!

दिवाळी झाली, हवा कोरडी पडली, आणि एका सकाळी मी खुर्चीतून उठताच दोन्ही पडदे काळे झाले. खोलीत माझ्यावाचून कोणी नव्हते. मी बराच वेळ तसाच उभा राहिलो.

मग मात्र एक कोरी वही घेतली. तारीख, वेळ, कूलर वा पंखा चालू की बंद, कोण काय करीत होते, सारे लिहायचे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पहिला प्रश्न असा, की यंत्र बंद पडते की नुसता पडदा? त्यासाठी संगणकावर भक्तिगीते लावून ठेवली. पडदा गेला, गाणे थांबले नाही. म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा शाबूत, यंत्रही जागे. खोट यंत्रापासून पडद्यापर्यंतच्या वाटेत. शाळेतून दुसरा पडदा आणून जोडला, तोही अंधारला. पेटी उघडून पंख्यात अडकलेला कापसाचा तंतू काढला; आमच्या भागात जिनिंगच्या हंगामात तो कुठेही शिरतो. उपयोग शून्य. पेटीच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येत, म्हणून वायरमनला बोलावले. त्याने अर्थिंगचा खड्डा दाखवला. काळी माती वाळून भेगाळली होती. मीठ, कोळसा आणि चार घागरी पाणी घातल्यावर झिणझिण्या थांबल्या. पडदे अंधारायचे थांबले नाहीत.

मगनवाडीच्या मगन संग्रहालयात चरखे पाहायला मिळतात. चरख्याचे काय मोडले ते डोळ्यांना दिसते, याचा मला त्या दिवसांत हेवा वाटे.

उत्तर वहीनेच दिले. तीन आठवड्यांच्या नोंदींत जवळपास प्रत्येक अंधारापुढे ‘उठलो’ किंवा ‘बसलो’ असे लिहिलेले होते. खुर्ची नवी होती, कृत्रिम कापडाची, खाली वायूच्या दाबाने वरखाली होणारा धातूचा दांडा असलेली. शोध घेता कळले, की संगणकाला पडदे जोडण्याची साधने बनवणाऱ्या डिस्प्लेलिंक या कंपनीने आपल्या मदत-टिपणात अशा खुर्च्यांचा उल्लेखच करून ठेवला आहे. माणूस उठतो वा बसतो तेव्हा कपडा आणि गादी यांच्या घर्षणाने स्थिर विद्युत साठते, खुर्चीच्या धातूच्या भागांत सूक्ष्म ठिणगी पडते, आणि तिच्या लहरी पडद्याच्या तारेत शिरून संदेश क्षणभर तोडतात. सुमारे ३,००० व्होल्टच्या खालचा असा झटका माणसाला जाणवतही नाही. दमट हवेत ही विद्युत साठत नाही. म्हणून पावसाळ्यात दोष गेला, आणि कूलरच्या ओल्या वाऱ्यात भर उन्हाळ्यातही तो दबून होता. मुलाची पँट टेरिकॉटची, माझा झगा पॉलिएस्टरचा. वर्ध्यासारख्या कापसाच्या जिल्ह्यात!

जाड आवरणाची आखूड तार आणून जोडली, अंधारणे निम्म्यावर आले. खुर्ची बाहेर काढून पडवीतली लाकडी खुर्ची आणली, ते थांबले.

म्हणजे तो मुलगा माझा मान राखण्यासाठी उठत होता, आणि त्या उठण्यानेच पडदा जात होता.

त्याचे घर गावाच्या टोकाला आहे. तो कापूस वेचायला गेला होता, म्हणून शेतावर गेलो. खुर्चीची सगळी हकीकत सांगितली. ‘‘चूक माझी झाली,’’ असे मी त्याच्या आईदेखत म्हणालो. ती माउली ओशाळून ‘‘राहू द्या, फादर’’ म्हणत राहिली. तो काहीच बोलला नाही. ओट्यातला कापूस त्याने गाठोड्यात रिता केला, मग विचारले, ‘‘कोन्त्या पानापर्यंत आलं काम?’’

सोमवारी तो आला. मी दारात दिसताच सवयीने उठला, आणि आम्ही दोघांनीही आधी पडद्यांकडे पाहिले.