ऐंशीचा काटा

परभणी जिल्ह्यातील व्यापाऱ्याला पेट्रोलचा दर वर्तमानपत्रात पाहावा लागत नाही. मनमाडच्या आगारातून टँकरने तीनशेहून अधिक किलोमीटर अंतर कापून येणारे इंधन वाहतुकीचा भार अंगावर घेऊनच येते. राज्यातील चढ्या दरांच्या बातमीत परभणीचे नाव म्हणूनच हटकून असते. २०२१ च्या मे महिन्यात येथे साध्या पेट्रोलने शंभरी ओलांडली, तेव्हा जिंतूरच्या एका धान्य व्यापाऱ्याने गाडीच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवली. प्रत्येक वेळी टाकी काठोकाठ भरायची, मीटरवरचा आकडा टिपायचा, आणि पुढच्या वेळी पुन्हा तितकीच भरून झालेल्या अंतराला भरलेल्या लिटरांनी भागायचे. गाडीचा खरा ताळा याच पद्धतीने लागतो. डॅशबोर्डवरचा काटा पाहून लागत नाही.

गाडी २००४ सालची मारुती ८००. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली आणि २०१४ च्या जानेवारीत उत्पादन थांबले. या तीस वर्षांत कित्येक पेढ्यांच्या दारात उभी राहिलेली पहिली मोटार हीच होती. तीन सिलिंडर, ७९६ सीसीचे इंजिन, सदतीस अश्वशक्तीच्या आसपास जोर, वजन साडेसहाशे किलोच्या घरात. पंधरा वर्षे उलटल्यावर नोंदणीचे नूतनीकरण करून, पर्यावरण कर भरून अण्णांनी ती राखली. घरात नवी मोठी गाडीही आहे; पण ती धाकट्याकडे पुण्याला असते.

गेल्या डिसेंबरात आजींना गजपंथाच्या दर्शनाची ओढ लागली. सकाळी नऊला निघायचे ठरले होते. पण मालाचा ट्रक नेमका त्याच दिवशी आला, तोलाई-उतराई झाली, आणि जिंतूर सोडायला बारा वाजले. आजींचे सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य. मंठ्यावरून जालना गाठेपर्यंत सव्वादोन झाले आणि समृद्धी महामार्गावर चढताच थोरल्याने पाय दाबला.

नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरांचा हा रस्ता. त्याचा शिर्डीपर्यंतचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि शेवटचा ५ जून २०२५ रोजी. सपाट भागात मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. मात्र मुभा म्हणजे सक्ती नव्हे, आणि ही गोष्ट लहान गाडीच्या मालकाने विशेष लक्षात ठेवावी. या गाडीला चारच गिअर आहेत. वेग वाढवला की इंजिनाचे फेरेही त्याच प्रमाणात वाढतात, वरच्या गिअरमध्ये टाकून त्याला विसावा देण्याची सोय नाही. त्यात हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ऐंशीचे एकशेवीस केले, म्हणजे वेग दीडपट झाला, की हवा सव्वादोनपट आडवी येते. टपावर कॅरियर आणि त्यात दोन वळकट्या असतील तर विचारायलाच नको. आत चार माणसे आणि फराळाचे डबे, म्हणजे गाडीच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास भार.

“अरे, काटा ऐंशीवर ठेव,” अण्णा दोनदा म्हणाले.

“अण्णा, आजींना दिवस मावळायच्या आत पोहोचवायचंय ना?”

या उत्तरापुढे अण्णा गप्प झाले. काटा एकशेदहाच्या वरच राहिला, काच खडखडत राहिली, बोलणे मोठ्याने करावे लागले. जालन्यापासून सिन्नरजवळच्या गोंद्यापर्यंत साधारण दोनशे किलोमीटर. त्यात चाळीसेक मिनिटे वाचली. ती सगळी नाशिकरोडच्या वाहनांच्या रांगेत गेली. सूर्य कलला तसे आजींनी नातवाला काही न सांगता डबा उघडला, दशमी आणि गूळ घेतला, पाणी प्यायल्या आणि हात जोडून मोकळ्या झाल्या. गाडी म्हसरूळला पोहोचली तेव्हा त्यांचे जेवण आटोपलेले होते. नाशिकला टाकी भरली तेव्हा वहीत नोंद पडली: ३४५ किलोमीटर, २२ लिटर, सरासरी पंधरा-सोळा.

तिसऱ्या दिवशी परतताना अण्णा स्वतः बसले. वळकट्या आत घेतल्या, कॅरियर सोडवून डिकीत सरकवले. गाडी गार असतानाच चारही टायरांत कंपनीच्या तक्त्याप्रमाणे हवा भरून घेतली. दूर गेल्यावर तापलेल्या टायरात दाब वाढलेला दिसतो आणि माणूस फसतो. मग डाव्या मार्गिकेत मालट्रकांच्या चालीने अठ्ठ्याहत्तर-ऐंशी. पुढच्या ट्रकला अगदी चिकटून जाऊन वारा चुकवण्याची युक्ती काही जण सांगतात. ती पेट्रोल वाचवते खरी, पण जीव गहाण टाकून, आणि असे कर्ज कोणी घेऊ नये. उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची जुनी सवयही अण्णांनी केव्हाच सोडली आहे. कार्बोरेटरच्या काळची ती समजूत. एमपीएफआय इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला तर इंधनाचा पुरवठा आपोआप बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते पेट्रोल जळतच राहते, वर ताबा सुटतो तो वेगळाच. म्हणून जालन्याचा फाटा अर्धा-पाऊण किलोमीटर दूर असतानाच त्यांनी पाय काढला. ब्रेक शेवटीच लागला.

जिंतूरला भरलेले पेट्रोल: १७ लिटर. सरासरी वीसच्या वर.

पाच लिटरांचा फरक म्हणजे पाचशेहून अधिक रुपये. कॅरियर उतरवल्याचा वाटा त्यात आहेच, तेव्हा सगळे श्रेय ऐंशीच्या काट्याला देणे हिशेबाला धरून होणार नाही. तरी थोरल्याने एक प्रश्न रास्त विचारला: किलोमीटरला २ रुपये ६ पैसे, म्हणजे दोनशे किलोमीटरांचे चारशेच्या वर टोल भरून ट्रकच्या चालीनेच जायचे, तर जुना रस्ता काय वाईट? अण्णांनी तो उडवून लावला नाही. जुन्या रस्त्यावर साठ-सत्तरची चाल सलग मिळाली तर खिशाला तोच स्वस्त. पण गावोगावचे गतिरोधक, चौक आणि बाजार लागले की प्रत्येक ब्रेकला कमावलेला वेग उष्णता होऊन वाया जातो आणि तो पुन्हा पेट्रोल जाळूनच मिळवावा लागतो. शिवाय आजींची कंबर. टोल त्या सलग चालीसाठी द्यायचा. ती घेऊन पुन्हा एकशेदहाने पळवली, तर टोल दोनदा भरल्यासारखाच होतो.

एक बाब मात्र वहीत बसत नाही. या गाडीला एअरबॅग नाहीत. बारा इंची चाके काँक्रीटवर तापतात. थोडी वापरलेली जुनी गाडी असली की टायरांची नक्षी शाबूत दिसते, पण रबर कडक झालेले असते. टायरच्या कडेवरील चार अंकांत बनवल्याचा आठवडा आणि वर्ष कोरलेले असते. परत आल्यावर थोरल्याने खाली बसून ते अंक वाचले. चारपैकी दोन टायर नऊ वर्षांचे निघाले. जाताना तो त्याच टायरांवर एकशेदहाने, आजींना घेऊन गेला होता. तो बराच वेळ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी चारही नवे बसवले. पाच लिटरांची बचत त्यात केव्हाच विरघळली आणि अण्णांनी तिचा उल्लेखही केला नाही.

पुढची खेप मांगीतुंगीची ठरली आहे. वहीत तारीख थोरल्याच्या अक्षरात आहे, आणि तिच्यासमोर लिहिले आहे: निघणे सकाळी सातला, त्या दिवशी माल उतरवायचा नाही.