आधी आवाज, मग चाल

डब्ल्यूडीएम-२ जातीच्या डिझेल इंजिनाचं वजन सुमारे ११२ टन. तेच इंजिन १:८७ मापात, म्हणजे मॉडेलवाल्यांच्या एचओ स्केलमध्ये उतरवलं, तर हिशोबाने वजन येतं जेमतेम १७० ग्रॅम. लांबी ८७ पट घटते, वजन मात्र ८७ च्या घनाने. त्यामुळे छोट्या गाडीला जडपणाच नसतो. बटण फिरवलं की पळते, बंद केलं की खिळते.

माझ्याकडे आठ फुटी फळीवर दोन रूळ आणि एक सायडिंग आहे. इंजिन अमेरिकन ॲल्कोचं. आपलं डब्ल्यूडीएम-२ त्याच घराण्यातलं, १९६२ साली तिथूनच आलेलं. माझ्या अब्बांची नोकरी दौंड-मनमाड मार्गावर डिझेल चालवण्यात गेली. त्यांनी माझ्या गाडीची एक खेप पाहिली आणि म्हणाले, "बेटा, ये तो रिक्षा है."

हा जडपणा डिकोडरमधून उसना आणावा लागतो. त्यात सीव्ही ३ वेग वाढण्यासाठी, सीव्ही ४ कमी होण्यासाठी. सीव्ही ३ मध्ये ५० भरलं, तर शून्यापासून पूर्ण वेगापर्यंत साधारण ४५ सेकंद लागतात. आठ फुटांत पूर्ण वेग कधी येतच नाही, आणि यायलाही नको. यार्डातला ताशी १५ किलोमीटरचा वेग या मापात सेकंदाला पाच सेंटिमीटरसुद्धा भरत नाही; फळी ओलांडायला पन्नास सेकंद. नवखे इथेच कंटाळतात. मला तर खरा खेळ इथेच सुरू होतो असं वाटतं.

अब्बांची दुसरी तक्रार आवाजाची. खरा ड्रायव्हर नॉच वाढवतो तेव्हा आधी इंजिन चढतं, टर्बो मागून येतो, काळा धूर निघतो, कपलिंगा ताणल्या जातात आणि मग गाडी हलते. वेग आला की नॉच उतरवायचा. इंजिन पुटपुटत राहतं आणि गाडी आपल्या वजनावर घरंगळते. माझ्याकडे आवाज आणि वेग एकाच बटणाला बांधलेले होते. काही साउंड डिकोडरमध्ये वेग धरून ठेवून इंजिनाचा आवाज वेगळा चढवता-उतरवता येतो, ब्रेकलाही स्वतंत्र बटण देता येतं. ते जमल्यावर अब्बा खुर्ची ओढून बसले.

पण त्यांना ऐकू कमी येतं. इतकी वर्षं कॅबमध्ये काढल्यावर बारीक आवाज गेले, घुमणारे तेवढे उरले. नेमके तेच छोट्या स्पीकरला जमत नाहीत. सोळा सिलिंडरचं इंजिन आयडलला ४०० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे ५३ ठोके देतं, आणि साखरेच्या खड्याएवढ्या स्पीकरमधून इतका खोल आवाज निघत नाही. म्हणून फळीखाली एक मोठा स्पीकर बसवला. अब्बा फळीवर तळवा ठेवतात आणि नॉच सांगतात. पहिला आणि आठवा कधी चुकत नाहीत, मधल्यांवर आमचा वाद होतो.

बाकीच्यांसाठी मात्र आवाज बराच खाली ठेवलाय. एक मीटरवरून पाहिलेली गाडी म्हणजे खऱ्या हिशोबात ८७ मीटर लांब उभी. तेवढ्या अंतरावर इंजिन कानात ओरडत नाही. हॉर्न अजून कमी करायचाय. तो वाजला की अम्मी स्वयंपाकघरातून ओरडते, आणि तिचा आवाज कमी करायचा सीव्ही कुठल्याच डिकोडरमध्ये नाही.