केळीचा हरण्या आणि चिपवरची ध्वनिलहर

प्रकाशीय जैवसंवेदकाला दिसते ते फक्त पृष्ठभागालगतचे. सोन्याच्या सुमारे 50 नॅनोमीटर जाडीच्या थरावर ठरावीक कोनातून प्रकाश पडला की धातूतील इलेक्ट्रॉन त्याची ऊर्जा शोषून घेतात. या पृष्ठभाग प्लाझ्मॉन अनुनादाचा कोन थराला काही चिकटताच सरकतो. मात्र ही नजर द्रवात जेमतेम 200 नॅनोमीटर पोचते. त्यापलीकडचे विषाणू थरापर्यंत येईपर्यंत संवेदकाच्या लेखी नसल्यासारखेच.

खरी अडचण या येण्याची आहे. जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावलच्या केळीवर येणारा कुकुंबर मोझॅक हा विषाणूजन्य रोग, शेतकऱ्यांच्या बोलीतला हरण्या, मावा किडीमार्फत आणि बाधित रोपांतूनही पसरतो. पानांवर पिवळे पट्टे उमटल्यावर झाड उपटून नष्ट करण्यापलीकडे फारसे काही उरत नाही. म्हणून लागवडीआधी रोप तपासणे मोलाचे. प्रयोगशाळेत ते एलायझा किंवा पीसीआरने होते. चिपवर सोन्याच्या थराला प्रतिपिंडे जोडून करता येईल. पण या विषाणूचा व्यास सुमारे 28 नॅनोमीटर, आणि निव्वळ विसरणाने 100 मायक्रोमीटर सरकायला त्याला पाच मिनिटांहून अधिक लागतात. अरुंद वाहिनीत द्रवाचे थर एकमेकांत न मिसळता समांतर वाहतात. पंपाचा जोर वाढवला, तर बरेचसे विषाणू थराला न शिवताच बाहेर पडतात.

इथे ध्वनी कामी येतो. लिथियम नायोबेटच्या स्फटिकावर कंगव्याच्या दातांसारखे एकमेकांत शिरलेले इलेक्ट्रोड असतात. त्यांना उच्च वारंवारतेचा विद्युतदाब दिला की पृष्ठभागावर लहर उठते. अशा इलेक्ट्रोडनी लहर उठवण्याची पद्धत व्हाइट आणि व्होल्टमर यांनी 1965 मध्ये दाखवली. लहरीचा वेग सेकंदाला सुमारे 4000 मीटर, पाण्यातील ध्वनीचा 1500. या फरकामुळे ती लंबाशी सुमारे 22 अंशांचा कोन करून द्रवात शिरते आणि तिथे भोवरे उठवून विषाणू थरापर्यंत आणते. 2010 मध्ये कॅनडातील शेरब्रुक विद्यापीठाच्या संशोधकांनी ही लहर आणि प्लाझ्मॉन संवेदक एकाच स्फटिकावर आणले. सैल चिकटलेली प्रथिनेही अशा लहरीने सुटतात; केळीच्या चिकट, काळ्या पडणाऱ्या रसासाठी हा गुण ढवळण्याइतकाच महत्त्वाचा.

त्रास उष्णतेचा. लहर द्रव तापवते, आणि एका अंशामागे पाण्याचा अपवर्तनांक सुमारे 0.0001 ने घटतो. संवेदक तर याच्या शंभराव्या हिश्शाचा बदलही टिपतो. त्यामुळे लहर थांबत-थांबत द्यावी, मोजणी द्रव निवल्यावर करावी आणि शेजारी प्रतिपिंडे नसलेला संदर्भपट्टा ठेवावा. मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो. तेव्हा या पट्ट्याशिवाय घेतलेल्या आकड्यावरून रोप निरोगी ठरवू नये.