दोन बोटांची फट

रात्री निजताना खिडकी उघडी ठेवावी की बंद करावी, या प्रश्नावर आमच्या घरात गेली एकतीस वर्षे मतभेद आहे. मी बंद करणाऱ्यांच्या पक्षाचा. दिवाळी सरली की दिवेलागणीलाच खिडक्यांच्या कड्या लावून आणि दाराखालच्या फटीत जुना पंचा सारून मी दिवसभराची ऊब घरात कोंडून ठेवतो. पत्नीचा पक्ष अगदी उलट. माझा डोळा लागला असे वाटताच ती उठते, आवाज न करता कडी काढते आणि खिडकी दोन बोटे उघडी करून निजते. पहाटे मला जाग येते ती नाकाच्या शेंड्याला झोंबणाऱ्या वाऱ्याने. मग मी उठून खिडकी लावतो. या उठाबशीची आम्हा दोघांना इतकी सवय झाली आहे, की एकाने माघार घेतली तर दुसऱ्याला झोप येणार नाही.

वस्तुतः छत्रपती संभाजीनगरच्या थंडीवरून एवढा वाद घालावा असे तिच्यात काही नाही. पौषातल्या काही रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, लोक कानटोप्या शोधून काढतात, कोपऱ्याकोपऱ्यावर शेकोट्या पेटतात, आणि संक्रांत होऊन महिना लोटला की तीच थंडी हवीहवीशी वाटू लागते. असल्या थंडीत आमच्या वादाचा निकाल कधीच लागला नसता. तो लागला गेल्या जानेवारीत, मनालीच्या वरच्या अंगाला, चाकांवर चालणाऱ्या एका घरात.

चाकांवरचे घर ही आमच्या मुलाची कल्पना. तो पुण्यात नोकरी करतो आणि पायांना पट्ट्या बांधून बर्फावरून घसरण्याचा त्याला नाद आहे. या खेळाचे रीतसर शिक्षणही त्याने मनालीच्या गिर्यारोहण संस्थेत घेतले आहे. "हॉटेलात उतरायचे आणि रोज सकाळी टॅक्सीवाल्याची मनधरणी करायची, त्यापेक्षा निजण्याची नि स्वयंपाकाची सोय असलेली मोटारच भाड्याने घेऊ. घर आपल्याबरोबर आणि डोंगर दारात!" असे म्हणून त्याने आम्हाला भरीला घातले. अशा मोटारींना कॅरव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली त्यांच्यासाठी पर्यटनाचे वेगळे धोरणही आखले, इतके त्यांचे प्रस्थ वाढले आहे.

आमच्या गावच्या माणसाला ही कल्पना तशी परकी वाटू नये. १६६४ च्या अखेरीस औरंगजेब दिल्लीहून काश्मीरकडे निघाला, तेव्हा बर्निये नावाचा फ्रेंच वैद्य त्या स्वारीत होता. त्याने लिहून ठेवले आहे, की बादशहाच्या तंबूंचे दोन संच असत. एकात मुक्काम चालू असता दुसरा पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राही. त्याला पेशखाना म्हणत. पुढे १६८१ पासून १७०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत हाच बादशहा दक्षिणेत छावण्यांतून फिरत राहिला, आणि शेवटी आमच्या शहराजवळच्या खुलदाबादेत स्थिरावला. पण त्याचे फिरते घर उभारायला आणि शेकायला हजारो हात होते. आमची ऊब आम्हालाच बरोबर वाहून न्यायची होती, हा फरक माझ्या ध्यानात यायला एक रात्र लागली.

सोलंगच्या वाटेवर एका सफरचंदाच्या बागेच्या कडेला, बागवानाच्या परवानगीने, आम्ही मोटार उभी केली. भोवती निष्पर्ण झाडे, गुडघाभर बर्फ आणि दूरवर नदीचा आवाज. सूर्य डोंगराआड गेला मात्र, आणि घर म्हणजे काय हे मला कळू लागले. दगडमातीची भिंत दिवसाचे ऊन पोटात साठवून ते रात्री थोडेथोडे परत देते. मोटारीचा पत्रा उधळ्या. संध्याकाळ झाली की सगळी पुंजी उडवून तो मोकळा होतो. त्यातही चालकासमोरची मोठी काच म्हणजे तर थंडीला दिलेले उघडे निमंत्रणच.

पत्नीने निघताना दोन गोधड्या बांधून घेतल्या होत्या. त्यावरून मुलाने तिची पुष्कळ थट्टा केली होती, कारण त्याने परदेशी बनावटीच्या निजायच्या पिशव्या आणल्या होत्या. पण तिने एक गोधडी आमच्या अंथरुणाखाली घातली आणि दुसरी चालकाच्या आसनामागे पडद्यासारखी टांगली, तेव्हा पाच मिनिटांत आतली हवा बदलली. उबदार असते ती गोधडी नव्हे. जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये अडकून पडलेली, हलायला जागा नसलेली हवा खरी उबदार. आणि थंडी वरून जितकी येते त्याहून अधिक ती खालून येते. हे पदार्थविज्ञान पत्नीने कोणत्या कॉलेजात शिकले कोण जाणे!

मोटारीत डिझेलवर चालणारे एक लहानसे हीटर होते. शहाणे यंत्र! जळण्यासाठी लागणारी हवा ते बाहेरून घेई, धूर बाहेर सोडी, आणि आत येऊ देई ती केवळ गरम झालेली स्वच्छ हवा. त्या जोरावर पहिली रात्र निघाली. मी अर्थातच प्रत्येक फट टॉवेल कोंबून बुजवली होती. सकाळी जागा झालो तो कपाळावर पडलेल्या पाण्याच्या थेंबाने. छत पाझरत होते. खिडक्यांच्या काचांवर आतल्या बाजूने बर्फाची नक्षी उमटली होती आणि उशा दमट झाल्या होत्या. माणूस रात्रभरात श्वासावाटे पेलाभर पाणी सहज हवेत सोडतो. तिघांचे तीन पेले. ते बाहेर जायला मी वाट ठेवली नव्हती, म्हणून ते गार पत्र्यावर जमून पुन्हा आमच्याच अंगावर आले. ओल्या पांघरुणात ऊब कसली राहते! मुलगा म्हणाला, "बाबा, हिमालयात येऊन तुम्ही घरातच पाऊस पाडलात." पत्नी काही बोलली नाही. तिने फक्त एकदा खिडकीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी सारा दिवस हिमवर्षाव होत होता. मुलगा संध्याकाळी घसरून घसरून दमून आला आणि जेवताच पिशवीत शिरून गाढ झोपला. रात्री नऊच्या सुमारास हीटरचा पंखा कुरकुरला आणि थांबला. मोटार दिवसभर जागची हलली नव्हती, थंडीने बॅटरी आधीच क्षीण झाली होती, ती संपली. चहासाठी गॅस पेटवला तर ज्योत करंगळीएवढी. आपल्याकडच्या सिलिंडरात ब्यूटेनचा मोठा भाग असतो, आणि पारा शून्याच्या जरासा खाली गेला की ते द्रवाचा वायू व्हायचे नाकारते. घरातली सगळी आग अशी एकदम रुसली, तेव्हा माझ्यातला कर्ता पुरुष जागा झाला. वाटेवरच्या चहावाल्याकडून मी पेटत्या कोळशांची एक शेगडी मागून आणली आणि ती मोटारीत मधोमध ठेवली.

मी तीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवतो आहे. त्या रात्री मी असा विचार केला: कोळसे चांगले लाल झाले आहेत, धूर मुळीच येत नाही, ज्या अर्थी धूर नाही त्या अर्थी भय नाही. असा निष्कर्ष एखाद्या मुलाने उत्तरपत्रिकेत काढला असता तर मी तांबड्या शाईने खोडला असता. मोटारीत विषारी वायूची सूचना देणाऱ्या यंत्रासाठी जागा केलेली होती, पण यंत्राच्या ठिकाणी स्क्रूची दोन भोके तेवढी होती. ती मी पाहिली होती आणि त्यावर पंचा टांगला होता.

शेगडीची ऊब फार गोड होती. हातपाय सैल पडले, डोळे मिटले. पत्नीने नेहमीप्रमाणे माझी झोप लागण्याची वाट पाहिली असावी. कारण पुढे केव्हातरी नाकाला वारा झोंबून मला जाग आली. उशापाशीच्या खिडकीला दोन बोटांची फट होती. एकतीस वर्षांच्या सवयीने मी ती लावायला उठलो. डोके घणाचे घाव बसावेत तसे ठणकत होते. दोन पावले टाकली असतील नसतील, गुडघे वाकले आणि मी खाली बसलो. त्या धडपडीने पत्नी जागी झाली. "अहो, काय झालं?" म्हणत तीही उठली, तोंडाला पदर लावला, आणि तिने काय ओळखले ते तिलाच ठाऊक, दार पुरते उघडून टाकले.

मुलाला उठवायला दोन हाका अधिक लागल्या. त्या दोन हाकांच्या मधला वेळ मी अजून विसरलो नाही.

आरडाओरडा ऐकून बागवान कंदील घेऊन धावत आला. त्याने शेगडी उचलून बर्फात फेकली आणि मला म्हणाला, "बाबूजी, आग बाहर, आदमी अंदर." एवढेच. दुसऱ्या सकाळी डॉक्टरांनी तपासून तिघांनाही धोका टळल्याचे सांगितले आणि बागवानाचीच गोष्ट अधिक लांब करून समजावली. कोंडलेल्या जागेत कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यात उंचावरची हवा मुळातच विरळ. अशा मृत्यूच्या बातम्या उत्तरेकडील वर्तमानपत्रांत दर हिवाळ्यात येतात. त्या वाचताना 'बिचारे अडाणी' असे मी मनात म्हटल्याचे मला आठवते.

उरलेली रात्र आम्ही बागवानाच्या घरी काढली. त्या भागातले जुने घर ते. भिंतीत एक थर देवदाराच्या तुळयांचा, एक दगडांचा, मध्ये चुना-माती काही नाही. या बांधणीला काठकुणी म्हणतात. खालच्या मजल्यावर गुरे आणि वर माणसे, म्हणजे गुरांच्या अंगची ऊब आपोआप वर येते. खोलीच्या मधोमध लोखंडी चूल होती, तिला तिकडे तंदूर म्हणतात. तिच्यातून निघालेले नळकांडे सरळ छपराबाहेर गेले होते. इतक्या कडक थंडीत पिढ्यानपिढ्या राहिलेल्या त्या माणसांनी धुराला आधी वाट करून दिली होती आणि मगच आगीला घरात घेतले होते. मी भिंतीला टेकून त्या नळकांड्याकडे पाहत बसलो. पत्नी शेजारी होती. ती म्हणाली, "आता तरी खिडकी लावू नका." आणि मग तिला रडू आले.

हा लेख इथेच संपला असता. पण फेब्रुवारीत परीक्षेच्या कामासाठी मला पहाटेच पैठणला जावे लागले. रस्त्याच्या कडेला, उसाच्या फडाशेजारी, ऊसतोड कामगारांच्या कोप्या दिसल्या. हिवाळ्यातल्या फिरत्या घरांचा शोध घेत मी हिमालयापर्यंत गेलो होतो, आणि ती दरवर्षी माझ्या दारावरून जात होती! दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून हजारो कुटुंबे निघतात. बांबू, चटया, भांडीकुंडी, लेकरे, सारा संसार बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. नवराबायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात आणि त्या हिशेबाने उचल दिली जाते. थंडी संपून उन्हाळा लागेपर्यंत त्यांचे घर म्हणजे ती कोपी.

मी गाडी थांबवली. एक बाई कोपीबाहेर तीन दगडांच्या चुलीत पाचट सारीत होती. आत गोधडीखाली दोन लहान मुले निजलेली दिसत होती. मी विचारले, "बाई, रात्री थंडी फार वाजत असेल. चूल आत का नाही घेत?"

तिने मला वेड्यात काढल्यासारखे पाहिले. "आत कशी घ्यावी, दादा? पाचटाची कोपी हाय, लेकरं आत निजत्यात." मग जरा थांबून म्हणाली, "अन् वारा तर चहूकडनं येतोय. त्याला काय बुजवावं!"

मला शिकायला अडीच हजार मीटर चढावे लागले, ते तिला ठाऊक होते, असे लिहून मी मोकळा झालो असतो तर लेखाचा शेवट चांगला झाला असता. पण तो खरा झाला नसता. माझ्या घरात फट ठेवावी की नाही हा वादाचा विषय होता. तिच्या कोपीला सगळ्या बाजूंनी फटीच होत्या, त्या बुजवण्याचा अधिकार तिला कोणी दिलेला नव्हता. मी थंडी पैसे मोजून विकत घेतली होती आणि नको झाली तेव्हा परत आलो. तिला उजाडण्याआधी फडात उतरायचे होते.

त्या रात्री घरी नेहमीप्रमाणे दिवे मालवले. मी खिडकीची कडी लावली नाही. पत्नीने उठून खिडकी उघडली, तेव्हा मी जागाच होतो.

"किती उघडलीस?" मी विचारले.

"दोन बोटे."

"माझी की तुझी?"

"तुमची जाड आहेत," ती म्हणाली, "तुमचीच धरली." आणि पायथ्याची दुसरी गोधडी तिने माझ्या अंगावर ओढली.